शेतमाल तारण कर्ज: तीन हंगाम सोयाबीन ठेवून आलेला अनुभव

आमच्या घरी देव्हाऱ्याखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सातबारा, पासबुकं, पोरांचे शाळेचे दाखले आणि बाजार समितीच्या गोदामाच्या तीन तारण पावत्या आहेत. एक 2021ची, एक 2023ची, एक 2024ची. पहिल्या पावतीनं आम्हाला सदतीस हजार जास्तीचे मिळाले. दुसरीनं पावणेचौदा हजारांचा फटका बसला. तिसरीनं ऐन दिवाळीत पडत्या भावात माल टाकायची पाळी टळली. दर हंगामाला गावातले दोन-चार जण घरी येऊन विचारतात, "वहिनी, तारणात ठेवावं का?" ओट्यावर उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नाही. म्हणून वहीत बघून सगळं लिहून काढते आहे.

आमची पाच एकर जमीन, लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात. विहिरीला पाणी चांगल्या साली संक्रांतीपर्यंत, नाहीतर दिवाळीलाच तळ दिसतो. चार एकर सोयाबीन, एक एकर तूर आणि सोयाबीन निघालं की तीन एकरात हरभरा. शेतातलं हे बघतात, हिशेब माझ्याकडे. बचत गटाची सचिव झाले तेव्हापासून रोजचा रुपया वहीत उतरवायची सवय लागली, ती सुटली नाही. पोरीच्या जुन्या वह्यांची मागची कोरी पानं मला पुरतात.

आधी ही सोय आहे काय ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं की हे बँकेसारखं काहीतरी किचकट प्रकरण आहे. राज्याचं कृषी पणन मंडळ 1990-91पासून ही योजना बाजार समित्यांमार्फत चालवतं. तुमचा माल समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याची किंमत काढून 75 टक्के रक्कम कर्ज म्हणून मिळते. मुदत सहा महिने, म्हणजे 180 दिवस, आणि व्याज वर्षाला 6 टक्के. सहा महिन्यांत फेडलं नाही तर पुढच्या सहा महिन्यांना 8 टक्के, त्याच्या पुढे 12. माल फक्त शेतकऱ्याचाच घेतात, व्यापाऱ्याचा नाही. समितीच्या स्वतःच्या गोदामाला भाडं लागत नाही, राखणही त्यांचीच. वखार महामंडळाच्या गोदामात ठेवला तर भाडं पडतं, तो हिशेब वेगळा.

किंमत काढायची एक अट मात्र नीट समजून घ्या. त्या दिवशीचा बाजारभाव आणि सरकारचा हमीभाव, या दोन्हींत जो कमी असेल तो धरतात. मी 2021ला गेले तेव्हा बाजारात पाच हजार चालू होते, पण हमीभाव 3,950 होता, म्हणून माझा माल 3,950नं धरला. 20 क्विंटलचे 79,000, त्याचे 75 टक्के 59,250. मी मनात 75,000 धरून गेले होते आणि पंधरा हजारांची सोय दुसरीकडून करावी लागली. घरातून निघायच्या आधी हा आकडा काढून निघा.

आता तारण नव्हतं तेव्हा आम्ही काय करत होतो, ते सांगितल्याशिवाय याची किंमत कळायची नाही. पीककर्ज पेरणीतच संपतं. ते 31 मार्चच्या आत भरलं तर राज्याच्या सवलतीमुळे तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही, चांगलीच गोष्ट आहे ती, पण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंतचा खर्च त्यात बसत नाही. फवारणीची औषधं कृषी केंद्रातून उधार. काढणीचं गुत्तं (ठेक्यानं दिलेलं काम), मळणी, पोरांची फी, सगळं एकदम ऑक्टोबरात डोक्यावर येतं. मग आडत्याकडून उचल घ्यायची. महिन्याला शेकडा दोन टक्के व्याज, आणि व्याजापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे माल त्याच्याच आडतीवर घालायचा, तोही तो म्हणेल त्या दिवशी. सगळ्या गावाची देणी एकाच आठवड्यात, म्हणून सगळ्या तालुक्याचा माल एकाच आठवड्यात यार्डात. गेटापासून रस्त्यापर्यंत टेम्पोची रांग. ओल जास्त म्हणून कटती, मातेरं म्हणून कटती. पट्टी, म्हणजे आडत्याची विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडली की उचल वळती होऊन उरायचं ते घेऊन हे घरी यायचे. 2019ला पट्टीतून हातात आले 6,300 रुपये. तीन महिन्यांचं काम होतं ते. त्या पानावर मी पुढे काही लिहिलंच नाही, पान तसंच आहे.

2021ला पहिल्यांदा गोदामात गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. त्या वर्षी ऑगस्टात भाव दहा हजारांच्या वर गेला होता. सरकारनं बाहेरून सोयापेंड आणायला परवानगी दिली आणि आमचं पीक खळ्यावर येईपर्यंत भाव निम्म्यावर. सगळं गाव हळहळत होतं. त्यात काढणीला पाऊस. बचत गटाच्या प्रशिक्षणात तारणाचं ऐकलं होतं, मी म्हटलं विचारून तर बघू.

गोदामातल्या माणसानं गोणीत पोकळ सळी खुपसून दाणे काढले, ओलावा मोजायच्या यंत्राच्या वाटीत भरले. आकडा आला 13.4. "ताई, बारा पाहिजे. घेऊन जा, वाळवून आणा." टेम्पो भरून आलेला. हे वैतागले, हमाल म्हणाला, "वहिनी, कशाला मागं नेता, टाका आडतीवर." मी नाही म्हटलं. माल माघारी नेला. टेम्पोचे बाराशे अंगावर पडले. दोन दिवस ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात घातला, दुपारी दोनदा पायानं फिरवला. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एक दाणा दाताखाली धरला. कडकन फुटला. "आता ने," म्हणाल्या. यंत्रात आकडा आला 11.6. तेव्हापासून आम्ही आत्यांनी दात लावल्याशिवाय टेम्पो बोलावत नाही.

खाली लाकडी फळ्या, त्यावर थप्पी, भिंतीपासून माणूस फिरेल एवढी जागा सोडलेली. आमच्या चाळीस कट्ट्यांच्या थप्पीला नावाचं कार्ड लावलं. सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंद बघितली, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स घेतली आणि चौथ्या दिवशी पैसे खात्यावर आले. एवढं सरळ काम मी सरकारी कचेरीत आधी पाहिलं नव्हतं. मार्चअखेरीला 7,100नं विकलं. युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं, सूर्यफुलाचं तेल येईना, म्हणून तेलबियांना भाव होता. मला हे नंतर कळलं. ठेवताना आम्हाला फक्त एवढंच माहीत होतं की आज विकायचं नाही.

वहीतलं पान असं आहे. ठेवताना 20 क्विंटल, काढताना वाळून 19 क्विंटल 62 किलो. 7,100नं 1,39,302 रुपये. 145 दिवसांचं व्याज 1,412. थप्पी लावायची आणि काढायची हमाली मिळून 800. टेम्पोभाडं मी खर्चात धरत नाही, कारण गोदाम यार्डातच आहे, विकायला गेलो असतो तरी तेवढंच लागलं असतं. हातात 1,37,090. दिवाळीत विकलं असतं तर एक लाख. त्या सदतीस हजारांतून मुलाची आयटीआयची फी भरली आणि एक गाभण कालवड घेतली. ती गाय अजून दावणीला आहे.

या एका वर्षानं आमचं एक नुकसानही केलं. आम्हाला वाटलं, ठेवलं की भाव वाढतोच.

2023चा ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात एवढा कोरडा ऑगस्ट 1901पासून नोंदला गेला नव्हता. शेंगा भरायच्या वेळी जमिनीला भेगा. एकरी पाच क्विंटलवर आलो, चार एकरात 20. दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाव पाच हजारांवर गेला. शेजारच्या भाऊजींनी त्याच दिवशी सगळं विकलं. मी 18 क्विंटल तारणात ठेवले, कारण माझ्या डोळ्यांसमोर सात हजार होते. हमीभाव 4,600 होता, त्यानं किंमत धरली, 62,100 मिळाले.

डिसेंबरात भाव उतरला. वाटलं, संक्रांतीनंतर चढेल. फेब्रुवारीत चव्वेचाळीसशे. रोज सकाळी मोबाईलवर लातूरचा भाव बघायचा आणि ठेवून द्यायचा. ब्राझील-अर्जेंटिनाचा माल बाजारात, बाहेरच्या कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवर आणलेलं, मग इथल्या सोयाबीनला कोण विचारणार? मे महिन्यात 175 दिवस झाले. पुढे व्याज 8 टक्के होणार होतं, शिवाय जूनची पेरणी तोंडावर. 4,450नं दिलं. 17 क्विंटल 70 किलोचे 78,765. व्याज 1,786 आणि हमाली 720 वजा जाता 76,259. नोव्हेंबरात विकलं असतं तर 90,000. फरक 13,741.

त्या रात्री हे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. चूक गोदामाची नव्हती, माल खणखणीत परत मिळाला, एक दाणा कमी नाही की कीड नाही. चूक माझी होती. किती भावाला विकायचं हे ठरवूनच मी ठेवलं नव्हतं. पाच हजार मिळत असताना माझ्यासाठी ते पुरेसे आहेत की नाही, हे मला सांगता आलं नसतं, कारण क्विंटलला मला खर्च किती येतो तेच मी कधी काढलं नव्हतं. रोजचा रुपया लिहीत होते, पण क्विंटलनं भागलं नव्हतं.

ते काम मी 2024ला केलं आणि हाच या लिखाणाचा गाभा आहे, म्हणून आकडे सगळे देते. एकराला नांगरट, मोगडा, पाळी मिळून 2,400. बियाणं घरचं, तरी बाजारभावानं 2,600 धरलं. डीएपीची एक गोणी 1,350ची, त्यात गंधक आणि बाकीचं मिळून खत 2,200. पेरणी 800. तणनाशक आणि तीन फवारण्या 3,000. खुरपणी 2,000. काढणीचं गुत्तं 3,500. मळणी क्विंटलला अडीचशेनं 1,750. बेरीज 18,250. त्या वर्षी पाऊस बरा झाला, एकरी सात क्विंटल पडलं. म्हणजे क्विंटलला 2,607 रुपये, आणि हे नुसते खिशातून गेलेले.

मग मी आमचे दोघांचे दिवस मोजले. बायकांनी हे आवर्जून करावं असं मला वाटतं, कारण आपले दिवस कुणीच मोजत नाही. चार एकरात माझे 35 दिवस भरले, यांचे 30. गावात बाईची मजुरी 300, गड्याची 500. दोघांचे मिळून 25,500. 28 क्विंटलवर वाटले तर क्विंटलला 911. खर्च झाला 3,518. सरकारच्या कृषी मूल्य आयोगानं त्या हंगामाला असाच, घरच्यांची मजुरी धरून, 3,261 खर्च धरला होता आणि त्याच्या दीडपट म्हणून 4,892 हमीभाव दिला. माझा खर्च त्यांच्यापेक्षा 257नं जास्त. पण देशभराची सरासरी आणि आमची चार एकर एक कशी असतील? यात जमिनीचा खंड धरला, आमच्याकडे ज्याला ठोका म्हणतात तो, तर वर्षाचे एकरी दहा हजार, खरीपाचे निम्मे पाच हजार, म्हणजे क्विंटलला अजून 714. एकूण 4,232. डॉ. स्वामिनाथन यांच्या आयोगाची दीडपटीची शिफारस याच, जमिनीच्या खंडासकट धरलेल्या खर्चावर लावावी, अशी शेतकरी संघटनांची मागणी आहे. माझ्या वहीपुरतं ते 6,300च्या वर जातं.

आणि त्या दिवाळीत यार्डातला भाव होता 4,150.

हा आकडा बघून मी बराच वेळ बसून राहिले. स्वतःची जमीन फुकट आहे असं मानलं तरच सोयाबीन परवडतं. जमिनीला खंड धरला की तोटा, तोही पाऊसपाणी चांगलं झालेल्या साली. मग आम्ही जगतो कशावर? माझ्या वहीत एक कात्रण चिकटवलेलं आहे. 2018-19च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न 10,218 रुपये निघालं, महाराष्ट्रात 11,492. देशाच्या त्या दहा हजारांत पिकांचे 3,798 आणि मजुरी-पगाराचे 4,063. पिकापेक्षा मजुरी जास्त. आमच्या घरातही तसंच आहे. 2024ला सोयाबीन आणि हरभरा मिळून हातात ऐंशी हजार राहिले, महिन्याला साडेसहा हजार. बाकी घर चालतं ते दुधावर, माझ्या शिलाईवर, हे दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात त्यावर, मुलगा चाकणहून पाठवतो त्या पाच हजारांवर आणि केंद्र-राज्याच्या सन्मान निधीच्या सहा-सहा हजारांवर. शेतीनं घर चालतं असं आम्ही म्हणतो, वही उघडली की दिसतं, घरानं शेती चालते आहे.

तर 2024ला आकडा हातात होता. 4,150ला विकायचं नाही, हमीभाव केंद्रावर 4,892नं घालायचं, हे ठरलं. ऑक्टोबरात नोंदणी केली. पण केंद्राचा नंबर लागेपर्यंत थांबायला पैसे हवेत, आणि गरीब माणूस हमीभावाला मुकतो तो इथंच. त्याची नोंदणी असते, माल असतो, थांबायची ताकद नसते. तारण मला याच कामाला आलं. बियाण्याचे दोन क्विंटल घरी ठेवून 26 क्विंटल 28 ऑक्टोबरला गोदामात घातले. या वेळी बाजारभाव कमी होता, त्यानं किंमत धरली. 1,07,900चे 75 टक्के, 80,925. काढणी-मळणीचे 21,000 दिले, कृषी केंद्राची 23,000 उधारी फिटली, 13,500त हरभरा पेरला, पोरीच्या क्लासची 12,000 फी भरली. उरल्या पैशांत दिवाळी. आडत्याच्या दारात गेलो नाही. तो माणूस वाईट नाही, अडीनडीला उभा राहिलेला आहे, पण त्याच्या दारात गेलं की भाव विचारायची सोय राहत नाही.

मधल्या काळात हमीभाव केंद्रांवर ओलाव्यावरून रडारड चालू होती. बाराच्या वर माल घेईनात. नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारनं पंधरापर्यंत सवलत दिली, तोवर गरजवंतांनी माल विकून टाकला होता. पुढे बारदाना संपला. आमचा मेसेज आला 22 जानेवारीला. माझा माल तोवर फळ्यांवर कोरडा पडून होता, याचं समाधान मोठं होतं.

आता या सोयीतला खरा अडथळा सांगते, कारण तिसऱ्या वर्षी त्यानं माझी झोप उडवली. गोदामातून माल सोडवायचा तर आधी कर्ज फेडावं लागतं. कर्ज फेडायचं तर माल विकावा लागतो. यार्डातल्या व्यापाऱ्याला विकताना अडचण येत नाही, तो तिथल्या तिथे पैसे भरतो आणि माल उचलतो. मागच्या दोन्ही वेळी तसंच झालं होतं. पण हमीभाव केंद्र पैसे देतं नंतर, खात्यावर. मेसेज आल्यावर माल न्यायला माझ्याकडे चार दिवस, आणि भरायचे 82,069, मुद्दल आणि 1,144 व्याज मिळून. भावानं 50,000 दिले. गटातून 20,000 घेतले, महिन्याचे 400 व्याज. बाकीचे शिलाईच्या आणि दुधाच्या पैशांतून जमवले. ज्या बाईला भाऊ नाही, गट नाही, तिनं काय करायचं? तिला हमीभाव डोळ्यांसमोर दिसत असून यार्डातच विकावं लागलं असतं.

केंद्रावर टेम्पो दोन रात्री उभा. जानेवारीची थंडी, हे टेम्पोतच झोपले. भाडं आणि खोटी, म्हणजे टेम्पो थांबवल्याचे पैसे, मिळून 2,500. चाळणी झाल्यावर 25 क्विंटल 50 किलो भरलं, 4,892नं 1,24,746. पैसे यायला तीन आठवडे लागले. सगळा खर्च काढला तर दिवाळीतल्या भावापेक्षा 11,762 रुपये जास्त पडले. सदतीस हजारांच्या मानानं हे कमी वाटेल. पण 2021चे पैसे योगानं मिळाले होते, 2024चे ठरवून मिळवले. मला दुसरे जास्त मोलाचे वाटतात.

गुण द्यायचे तर मी पाचपैकी चार देईन. व्याज कमी, भाडं नाही, माल सुरक्षित, कागदपत्रं थोडी, बाईमाणूस एकटी जाऊन करू शकते. एक गुण कापला तो माल सोडवायच्या अटीपायी. आणखी एक तक्रार म्हणजे जागा. आमच्या गोदामात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर जागाच राहत नाही, उशिरा काढणी करणारे माघारी जातात.

कुणी ठेवावं? ज्याला दिवाळीपुरती नड आहे पण सहा महिने दम धरता येतो त्यानं. ज्याचा माल कोरडा, स्वच्छ आहे त्यानं. हमीभावाची नोंदणी केलेल्यानं तर जरूर. माझ्यासारखा सगळाच माल ठेवू नका. निम्मा ठेवा, निम्मा विका, निदान एका बाजूनं तरी पश्चात्ताप कमी होतो. आणि ठेवायच्या दिवशीच पावतीच्या मागे पेन्सिलीनं भाव लिहा, हा मिळाला की विकणार. महिन्याला क्विंटलमागे व्याज आणि वाळण मिळून माझ्या हिशेबानं तीस-चाळीस रुपये जातात, त्यात हमाली वेगळी. तेवढं चढायची आशा नसेल तर ठेवण्यात अर्थ नाही. कुणी ठेवू नये? ज्याच्यावर महिन्याला शेकडा तीन-चारचं सावकारी देणं आहे त्यानं आधी माल विकून ते फेडावं. तिथे भाव वाढायची वाट बघण्यात काहीच हाती लागत नाही.

2025ला आम्ही ठेवलं नाही. सप्टेंबरात तेरणेचं पाणी शेतात शिरलं, सोयाबीन पाच दिवस पाण्यात होतं. चार एकरात नऊ क्विंटल निघालं, तेही डागी, काळपट. हमीभाव 5,328 झाला होता, पण तो भाव मिळण्यासारखा माल घरात नव्हता. तारणातही चांगलाच माल लागतो. मिळेल त्या भावाला टाकला. ज्या साली पैशांची सगळ्यात जास्त गरज असते त्या साली ही सोय उपयोगी पडत नाही, हेही समजून असावं.

माल सोडवायच्या अटीबद्दल मी समितीकडे अर्ज दिला आहे. मागणी एवढीच, की हमीभाव केंद्राचा मेसेज दाखवला तर माल तारणातून थेट केंद्रावर जाऊ द्यावा आणि कर्जाची रक्कम केंद्राकडून येणाऱ्या पैशांतून परस्पर वळती करून घ्यावी. उचल अशीच वळती होते, मग हे का होऊ नये? गटातल्या चौदा जणींच्या सह्या आहेत. शिक्का मारून पोच घेतली आहे, ती पेटीत पावत्यांच्या वर ठेवली आहे. तुमच्या तालुक्यात असाच अर्ज करायचा असेल तर मजकूर माझ्याकडून उतरवून न्या.